गोव्यात बुडालेली ‘हिटलरची युद्धनौका’ : एका लाडक्या दंतकथेविरुद्ध

१/
मार्च महिना आला की एक गोष्ट न चुकता फिरू लागते. कलकत्त्याचे चौदा मध्यमवयीन, पोट सुटलेले गोरे साहेब एका खटारा नौकेतून गोव्याला जातात, हिटलरची युद्धनौका बुडवतात आणि हिंदी महासागरातील जर्मन पाणबुड्यांचा कहर एका रात्रीत थांबतो. शेवटी ठरलेले वाक्य असते : ‘हा इतिहास तुम्हाला शाळेत कुणी शिकवला नाही!’ शिकवला नाही हे बरेच झाले. कारण या गोष्टीतील तीन प्रमुख विधानांपैकी दोन सरळ चुकीची आहेत आणि तिसरे पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. त्यावरच हा दीर्घ धागा.

२/
प्रथम जे निश्चित आहे ते मांडू. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रेमेनच्या ‘हान्सा’ कंपनीची ‘एहरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजे मुरगाव बंदराच्या आश्रयाला आली. इटली युद्धात उतरल्यावर ‘आनफोरा’ हे इटालियन जहाजही त्यांच्यासोबत अडकून पडले. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. बाहेर समुद्रात ब्रिटिश आरमार टपलेले. त्यामुळे ही चारही जहाजे वर्षानुवर्षे त्याच पाण्यात नांगर टाकून उभी राहिली. खलाशी गोव्यातील गल्ल्यांना आणि गोवेकर खलाशांना सरावले.

३/
आता पहिले विधान : ‘युद्धनौका’. ही चारही जहाजे मालवाहू होती. ‘एहरेनफेल्स’ हे साडेसात हजार टनांहून थोडे अधिक क्षमतेचे, हिंदुस्थान आणि युरोप यांच्या दरम्यान माल नेणारे व्यापारी जहाज. युद्धनौका कशाला म्हणतात हे पाहायचे असेल तर ‘बिस्मार्क’ पाहावी : ३८ सेंटिमीटर व्यासाच्या आठ तोफा, दोन हजारांहून अधिक नौसैनिक. २७ मे १९४१ रोजी ती अटलांटिकमध्ये बुडाली. जून १९८९ मध्ये रॉबर्ट बॅलर्ड यांनी तिचे अवशेष सुमारे ४,८०० मीटर खोलीवर शोधून काढले. तिला आणि मुरगावच्या मालवाहू जहाजाला एकाच नावाने हाक मारणे म्हणजे बैलगाडीला रणगाडा म्हणणे होय.

४/
‘शब्दाचा एवढा काथ्याकूट कशाला?’ असे कुणी विचारील. कारण त्या एका शब्दावर सारी गोष्ट कोसळते. १९०७ च्या हेग करारानुसार लढाऊ राष्ट्राच्या युद्धनौकेला तटस्थ बंदरात सामान्यतः २४ तासच थांबता येई. दुरुस्तीपुरती थोडी मुदत वाढे, एवढेच. डिसेंबर १९३९ मध्ये ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ ही जखमी जर्मन युद्धनौका उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरली तेव्हा तिला ७२ तास मिळाले. मुदत संपताच, १७ डिसेंबरला, कप्तानाने ती बाहेर नेऊन स्वतःच बुडवली. मग मुरगावात ‘युद्धनौका’ साडेतीन वर्षे राहिली कशी? उत्तर सोपे आहे. ती युद्धनौका नव्हती, म्हणूनच राहू शकली.

५/
आता प्रत्यक्ष घटनेकडे. ‘एहरेनफेल्स’वर गुप्त बिनतारी संदेशयंत्र आहे आणि त्यावरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिश हेरखात्याला संशय होता. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेच्या हिंदुस्थान शाखेतील लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांच्याकडे हे काम आले. अडचण एकच होती. तटस्थ बंदरात गणवेशधारी फौज पाठवली तर तो पोर्तुगालवरचा हल्ला ठरला असता. म्हणून अशी माणसे हवी होती की पकडली गेली तर सरकारला हात झटकता यावेत.

६/
ती माणसे मिळाली ‘कलकत्ता लाइट हॉर्स’मध्ये. हे १८७२ पासूनचे हौशी घोडदळ. चहा, ताग आणि व्यापारी पेढ्यांतील युरोपीय साहेबांचा तो अर्धा पथक, अर्धा क्लब असा मामला होता. ज्या साहाय्यक दलात ते मोडे, त्याची दारे हिंदी माणसाला बंद होती. पथकाचे चौदा जण आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’चे चौघे, असे अठरा जण निवडले गेले. लाडक्या गोष्टीत हे चौघे बहुधा गळतात. बंदरातील गाळ वाहणारी ‘फीबी’ नावाची संथ नौका कलकत्त्याहून सिंहलद्वीपाला वळसा घालून कोचीनला आली. माणसे रेल्वेने कोचीनला पोहोचली आणि तेथून नौकेत चढली.

७/
९ मार्च १९४३ ची रात्र संपता संपता ‘फीबी’ मुरगावात शिरली आणि ‘एहरेनफेल्स’ला भिडली. झटापट झाली. जर्मन कप्तान आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. हल्लेखोरांपैकी कुणी दगावले नाही. पण जर्मन खलाशी या क्षणाची तयारी करून होते. त्यांनी तळातील झडपा उघडल्या आणि जहाजाला आग दिली. ते बुडू लागले तसे हल्लेखोर माघारी फिरले. उरलेल्या तीन जहाजांना तर हल्लेखोरांचा हातही लागला नव्हता. पेटलेली ‘एहरेनफेल्स’ पाहून त्यांच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच जाळली आणि बुडवली.

८/
म्हणजे दुसरे विधान, ‘इंग्रजांनी जहाजे बुडवली’, हेही टिकत नाही. चारही जहाजे त्यांच्याच खलाशांच्या हातून बुडाली. यात जर्मनांचा भ्याडपणा नव्हता, तो त्यांचा रिवाज होता. १९ डिसेंबर १९३९ रोजी ‘कोलंबस’ या प्रचंड जर्मन प्रवासी जहाजाने अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर ब्रिटिश विनाशिका दिसताच स्वतःला असेच बुडवले होते. जहाज शत्रूच्या हाती पडू द्यायचे नाही, हा नियम. त्या काळी दोस्त राष्ट्रांना मालवाहू जहाजांची अक्षरशः भूक होती. चार जहाजांची मिळून पंचवीस हजारांहून अधिक टनांची क्षमता त्या पहाटे कुणाच्याच हाती लागली नाही. जर्मन खलाशाच्या दृष्टीने पाहिले तर त्याने आपले काम चोख केले.

९/
येथे ‘बिस्मार्क’ची आठवण पुन्हा येते. तिच्याबाबत हाच वाद अर्धशतक चालला. ब्रिटिश म्हणत, आमच्या तोफांनी आणि टॉर्पेडोंनी बुडवली. वाचलेले जर्मन म्हणत, आम्हीच स्फोट घडवून बुडवली. अवशेष सापडले तेव्हा वाद संपला नाही, पण त्याची पातळी बदलली. आता दोन्ही पक्षांना लोखंडाकडे बोट दाखवून बोलावे लागले. तोफांनी नौकेचे लढणे संपवले होते आणि खलाशांनी तिचे बुडणे जवळ आणले, असे आज बहुतेक अभ्यासक मांडतात. ‘कुणी बुडवली’ या प्रश्नाचे उत्तर अभिमानातून मिळत नाही, पुराव्यातून मिळते. मुरगावच्या बाबतीत आपण तो प्रश्न विचारण्याचीही तसदी घेतलेली नाही.

१०/
आता तिसरे आणि सर्वांत आवडते विधान : ‘त्या रात्रीनंतर पाणबुड्यांचे हल्ले थांबले’. सोबत एक आकडेवारी हमखास येते. मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत हिंदी महासागरात बारा जहाजे बुडाली, उरलेल्या महिन्यात एकच. निष्कर्ष हातासरशी काढलेला : संदेशयंत्र गेले, पाणबुड्या आंधळ्या झाल्या. आकडे क्षणभर जसेच्या तसे मान्य करू. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : ही जहाजे बुडाली कोठे?

११/
मार्च १९४३ मध्ये हिंदी महासागराच्या हद्दीत ज्या जर्मन पाणबुड्या होत्या त्या ‘झेहुंड’ या गटाच्या, आणि त्यांचे कार्यक्षेत्र होते दक्षिण आफ्रिकेचा किनारा. ३ आणि ४ मार्चला ‘यू-१६०’ या पाणबुडीने डर्बनहून निघालेल्या ‘डीएन-२१’ या काफिल्यातील चार जहाजे बुडवली. मार्चच्या आरंभीच्या हानीचा मोठा वाटा हा आहे. आता नकाशा उघडा. डर्बन ते मुरगाव हे अंतर सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरांहून अधिक भरते. डर्बनच्या धक्क्यावरून कोणता काफिला केव्हा सुटतो, हे साडेतीन वर्षे गोव्यात अडकून पडलेल्या मालवाहू जहाजाला कसे कळत होते, याचे उत्तर ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी एकानेही दिलेले नाही.

१२/
मग महिन्याच्या उत्तरार्धात हल्ले का घटले? पाणबुडी म्हणजे अक्षय्य पात्र नव्हे. घरापासून हजारो सागरी मैल दूर गेलेल्या पाणबुडीचे टॉर्पेडो संपतात, इंधन संपते, ती परत फिरते. एक गट परतला की दुसरा येईपर्यंत समुद्र शांत वाटतो. शिवाय जर्मन नौदलाला काफिल्यांची माहिती मिळण्याचा मोठा मार्ग वेगळाच होता. त्यांचा संकेतभेद विभाग १९४३ च्या मध्यापर्यंत दोस्तांचा काफिल्यांसाठीचा एक महत्त्वाचा संकेत वाचत होता. कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे कुणी म्हणत नाही. मुरगावच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

१३/
याहून मोठी विसंगती पुढे आहे. अरबी समुद्रात जर्मन पाणबुड्यांची खरी मोहीम सुरू झाली ती १९४३ च्या उत्तरार्धात. ‘मॉन्सून’ हे नाव दिलेला गट त्या उन्हाळ्यात युरोपातून निघाला, वाटेत निम्म्याहून अधिक पाणबुड्या गमावून बसला, आणि उरलेल्या पेनांगच्या जपानी तळाला लागल्या. म्हणजे ज्या पाणबुड्या मुरगावच्या संदेशयंत्राचा सर्वाधिक लाभ घेऊ शकल्या असत्या, त्या ते यंत्र समुद्रतळाशी गेल्यानंतर काही महिन्यांनी येथे आल्या. डोळे फोडल्यानंतर शत्रू अधिक संख्येने येतो, तर ते त्याचे डोळे होते का?

१४/
आणि तोवर अरबी समुद्रात जहाजे बुडवीत होते ते जपानी. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने बुडवले. २८० माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य हिंदी. २० मार्च १९४३ रोजी, म्हणजे मुरगावच्या पराक्रमानंतर अकराव्या दिवशी, ‘आय-२७’ या जपानी पाणबुडीने ‘फोर्ट ममफर्ड’ हे मालवाहू जहाज याच समुद्रात बुडवले. त्यावरचा एकच माणूस वाचला. ‘समुद्र सुरक्षित झाला’ असे म्हणण्यापूर्वी या दोन जहाजांची नावे एकदा उच्चारावीत.

१५/
आता प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. ‘काहीच नसते तर ब्रिटिशांनी एवढा धोका पत्करला असता का?’ प्रश्न रास्त आहे. संशय खरा होता हे मला मान्य आहे. संदेशयंत्र असणेही अशक्य नाही. हल्लेखोरांचे धाडस तर निर्विवाद खरे. वयाच्या त्या टप्प्यावर, ना पदक मिळणार ना कुठे नाव होणार हे ठाऊक असताना, अंधारात शत्रूच्या जहाजावर चढायला छाती लागते. माझा आक्षेप त्यांच्या धाडसावर नाही. हेरखात्याला संशय आला हे कृतीचे कारण झाले, कृतीच्या परिणामाचा पुरावा नव्हे. धाडस मोठे होते म्हणून परिणामही तेवढाच मोठा असलाच पाहिजे, हा हट्ट चित्रपटाचा आहे. इतिहासाचा तो होऊ शकत नाही.

१६/
आणि येथे चित्रपट हा शब्द सहज आलेला नाही. ही घटना पस्तीस वर्षे जवळपास अज्ञात होती. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक आले आणि १९८० मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असे तारे, आणि चित्रीकरण गोव्यातच. लीझर हे हेरकथाही लिहिणारे कसलेले लेखक होते. त्यांच्या पुस्तकाला मोठा आधार आहे तो मोहिमेतील माणसांच्या आठवणींचा. मुरगावच्या जहाजांचा ‘पुनर्शोध’ लागला तो असा : पाणबुड्याने तळाशी जाऊन नव्हे, तर तिकीटबारीवर.

१७/
आठवणी हे साधन टाकाऊ नाही. मौखिक इतिहासाविना आमच्या मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची निम्मी पाने कोरी राहिली असती. पण आठवण काय सांगू शकते आणि काय नाही, याची मर्यादा ओळखावी लागते. जहाजावर चढणाऱ्या माणसाला त्या रात्री काय दिसले, काय वाटले, हे तोच सांगू शकतो. डर्बनजवळच्या पाणबुडीला त्याचा काय फरक पडला, हे तो सांगू शकत नाही. पहिल्या प्रश्नाच्या साक्षीदाराला दुसऱ्या प्रश्नाचा न्यायाधीश बनवले की दंतकथा जन्माला येते.

१८/
या दंतकथेत कोण आहे हे पाहिले, आता कोण नाही ते पाहा. गोवेकर नाहीत. ज्यांच्या बंदरात हे घडले ते बंदरावरचे कामगार, होडीवाले, पहाटे आगीचे लोळ पाहणारे मुरगावचे रहिवासी, कुणीच नाहीत. ते सालाझारच्या राजवटीत जगत होते. वृत्तपत्रावर सेन्सॉर, सभेला बंदी. तीनच वर्षांनी, १८ जून १९४६ रोजी, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात जाहीर सभा घेऊन ती बंदी मोडली. पण चित्रपटाच्या गोव्यात फक्त समुद्रकिनारा, मेजवान्या आणि रात्र आहे. गोवा हा त्या गोष्टीचा पडदा आहे. पात्र नाही.

१९/
गोव्याचे आणि कोकणचे खलाशीही नाहीत. मुंबईच्या धोबीतलावातील ‘कूड’ म्हणजे गोवेकर खलाशांची गावागावांची वसतिगृहे. तेथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे ब्रिटिश जहाजांवर स्वयंपाकी, वाढपी, कामगार म्हणून चढली. रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी बॉयलरच्या धगीत राबले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या व्यापारी जहाजांवर सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांनी प्राण गमावले. जर्मन आणि जपानी टॉर्पेडो खऱ्या अर्थाने सोसले ते यांनी. त्यांच्या नावाने मार्चमध्ये एकही पोस्ट फिरत नाही, कारण त्यांच्यावर ग्रेगरी पेकने काम केलेले नाही.

२०/
दिनदर्शिकाही पाहा. ३ मार्च १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास संपला. सातारा भागात प्रतिसरकार उभे राहत होते. आणि ज्या कलकत्त्यातून हे साहेब निघाले त्या बंगालवर त्याच वर्षी दुष्काळ कोसळला. त्यात सुमारे तीस लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. जपानी येतील या धास्तीने सरकारने आदल्या वर्षी बंगालच्या किनारी भागातील हजारो होड्या काढून घेतल्या वा नष्ट केल्या होत्या. या दुष्काळाला लाइट हॉर्सचे अठरा जण जबाबदार नाहीत, हे स्पष्ट म्हणतो. पण १९४३ च्या कलकत्त्यातून आपल्याला एक ‘फीबी’ तेवढी आठवावी आणि त्या हजारो होड्या आठवू नयेत, याला मी स्मरणशक्तीचा दोष मानत नाही. ती निवड आहे.

२१/
आणखी एक गोष्ट या कथेत मावत नाही. त्याच मुरगाव बंदरात, हल्ल्यानंतर सातच महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘तेइया मारू’ हे जपानी आणि ‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडिश जहाज समोरासमोर आले. दोन्ही बाजूंच्या सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची तेथे अदलाबदल झाली. युद्धात अडकलेली माणसे, मिशनरी, बायका, मुले त्या धक्क्यावरून घरच्या वाटेला लागली. हे शक्य झाले कारण मुरगाव तटस्थ होते. ज्या तटस्थतेला मार्चमध्ये हरताळ फासला, तिनेच ऑक्टोबरमध्ये तीन हजार माणसे घरी पाठवली. तरुण वाचकहो, यांपैकी कोणती घटना अधिक मोठी, हे मी ठरवून देत नाही. पण एक सर्वांना ठाऊक आणि दुसरी कुणालाच नाही, हे खटकायला हवे.

२२/
‘मराठवाड्यातल्या माणसाला गोव्याच्या जहाजांचे काय पडले आहे?’ असाही प्रश्न मला येतो. दोन उत्तरे देतो. पहिले : १९४३ मध्ये माझे मानवतही गोव्यासारखेच थेट इंग्रजांच्या हिंदुस्थानाबाहेर होते, निजामाच्या राज्यात. समुद्र नसलेल्या त्या निजामाला १९४७ मध्ये हेच मुरगाव बंदर पोर्तुगालकडून हवे होते, त्यासाठी बोलणीही चालली. ते जमले असते तर मानवत रोडवरून निघालेल्या कापसाच्या गाठींनी कदाचित मुरगावची वाट धरली असती. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला. दोघांचाही इतिहास १५ ऑगस्टच्या एका तारखेत मावत नाही.

२३/
दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. परगावी मी मानवतचा आहे असे सांगितले की समोरच्याचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘ते हत्याकांडाचे मानवत?’ १९७० च्या दशकाच्या आरंभीचे ते प्रकरण खरे आहे, भीषण आहे. त्यावर पुस्तकात लिहिले गेले, २०२४ मध्ये वेबमालिकाही आली. पण एका गावाची कापसाची पेठ, त्याचे मुक्तिलढ्यातले दिवस, त्याची साधी माणसे, हे सारे एका थरारकथेच्या मागचा काळा पडदा होऊन जाते तेव्हा कसे वाटते, ते मी अनुभवाने जाणतो. इतिहास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मला वाटले, त्यामागे ही चीडही आहे. मुरगावबद्दल मी चिडतो तो याच कारणाने.

२४/
मग करावे काय? केवळ ‘हे खोटे आहे’ म्हणून थांबणे ही अर्धी जबाबदारी झाली. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हच्या अनेक फायली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आता खुल्या आहेत. पणजीचे अभिलेखागार १५९५ पासूनचे, आशियातील जुन्यांपैकी एक. तेथे पोर्तुगीज प्रशासनाची कागदपत्रे आहेत. मराठी इतिहासप्रेमी तरुण मोडी शिकतो, फारसीही शिकू लागला आहे, याचा मला आनंद आहे. त्याने पोर्तुगीजही शिकावी. आपल्या किनाऱ्याचा चारशे-साडेचारशे वर्षांचा इतिहास त्या भाषेत पडून आहे.

२५/
आणि समुद्रतळही एक अभिलेखागारच आहे. मुरगावच्या समोर, दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय आहे. तिच्या पुरातत्त्वज्ञांनी गोव्याच्या सागरात सुंची, सेंट जॉर्ज आणि आमी येथील बुडालेल्या जहाजांचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. तोफा, हस्तिदंत, विटा, बॉयलर यांवरून जहाज कोणत्या काळचे आणि कोठले, हे त्यांनी दाखवून दिले. तेथे तारे नव्हते, मेजवानी नव्हती. होते ते मोजमाप, नोंदी आणि संयम. ‘बिस्मार्क’चा शोध मोठा ठरला तो जहाज मोठे होते एवढ्यामुळे नव्हे. प्रश्न घेऊन कुणी तळाशी गेले, म्हणून तो मोठा ठरला.

२६/
पुढच्या मार्चमध्ये ती पोस्ट तुमच्यापर्यंत पुन्हा येईल. फॉरवर्ड करण्यापूर्वी चारच प्रश्न विचारा. जहाज कोणत्या प्रकारचे होते? बुडवणारा हात कुणाचा होता? परिणामाचा पुरावा कोठे आहे, आणि तो नकाशावर बसतो का? आणि ज्यांच्या भूमीवर हे घडले ती माणसे गोष्टीत आहेत का? चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर ती पोस्ट पुढे पाठवू नका. त्याऐवजी ‘तिलावा’बद्दल चार ओळी लिहा. त्या २८० जणांत कदाचित तुमच्या गावचे, तुमच्या आडनावाचे कुणी असेल.

२७/
अठरा माणसे एका रात्री धाडसाने गेली, हे सत्य आहे आणि ते सुंदर आहे. त्यावर महायुद्धाच्या निकालाचे ओझे टाकायची गरज नाही. जेवढे घडले तेवढेच सांगितल्याने कुणाचे शौर्य कमी होत नाही. मात्र जे घडले नाही ते सांगितल्याने दुसऱ्या कुणाचे मरण पुसले जाते. चूक आढळली तर पुराव्यासह जरूर दाखवा. दुरुस्ती याच धाग्याखाली, तुमच्या नावासह करीन. धागा समाप्त.